अख्खी कोंबडी

माझी वच्छलामावशी बाजारातून काहीही आणलं तरी पिशवी आधी सासूसमोर रिकामी करायची. वांगी असोत, अंडी असोत, नाही तर लेकराचं बिस्किट, चटईवर मांडायची आणि म्हणायची, "पाहून घ्या, आत्याबाई." पाहणाऱ्याला वाटायचं, काय गुणाची सून आहे. गांधीबागेतल्या त्या गल्लीत बहुतेकांना तसंच वाटायचं. खरी गोष्ट मला माझ्या आईनं सांगितली, आणि तिचा शेवट मी पंगतीत बसून पाहिला.

आमच्याकडे आखाडात लेक-जावयाला बोलावून कोंबडीचं जेवण घालतात. त्यात वाटे ठरलेले. एक तंगडी जावयाची, दुसरी घरच्या कर्त्या माणसाची. काळीज-कलेजी सासूच्या मर्जीनं. सुनेच्या ताटात मान, पंख आणि रस्सा, तेही सगळ्यांचं आटोपल्यावर.

मावशीच्या लग्नानंतरचा दुसरा आखाड. नणंद सिंधूताई आणि तिचे यजमान मधुसूदन काटोलहून बसनं आले होते. सासू भागीरथाबाई वाढायला बसल्या. जावयाच्या ताटात तंगडी पडली. मग पळी रश्श्याच्या गंजात फिरली, पुन्हा फिरली, पण दुसरी तंगडी काही सापडेना.

"दुसरी कुठं गेली वं?"

"मले काय माहीत, आत्याबाई? चुलीपाशी तं तुम्हीच होत्या."

"म्हणजे मी खाल्ली?"

भागीरथाबाईंनी तिचं मनगट धरून ओढलं आणि भरल्या पंगतीत तिची बोटं नाकाला लावली. मावशी सकाळपासून पाट्यावर मसाला वाटत होती. दुसरा कसला वास येणार?

"येऊन राहिला ना वास," सासू म्हणाल्या.

मधुसूदन हसले. "जाऊ द्या. वैनीले तंगडी आवडते, एवढंच ना." मावशीचे यजमान, रुपरावकाका, ज्यांची ती तंगडी होती, खाली पाहून रस्सा-भाकर खात राहिले.

त्या दिवसापासून ती 'तंगडीवाली वैनी' झाली. मधुसूदनरावांनी ते नाव काटोलपर्यंत नेलं आणि प्रत्येक लग्नाकार्यात परत आणलं. बायका वाढायला उठल्या की कोणीतरी म्हणायचंच, "वच्छलाले गंजापाशी नका बसवू." हसू व्हायचं. मावशी पाण्याचा जग घेऊन फिरायची. कोंबडी तिनं पुन्हा तोंडात घातली नाही, आणि पिशवी रिकामी करून दाखवायची सवय तेव्हाच लागली.

पुढे ती धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात आया म्हणून लागली. काही वर्षांनी त्याच दवाखान्यात सिंधूताई पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आली. रात्रंदिवस मावशीच तिच्या उशापायथ्याशी. टाके ओले होते, तरी सिंधूताईची जीभ मोकळी होती.

"डॉक्टरनं कोंबडी बंद केली वं वैनी. खरं सांगू? त्या वर्षी मायनं मागच्या खोलीत लपवून तंगडी देल्ली होती मले, तशी पुन्हा कधी लागलीच नाही."

"कोणत्या वर्षी?"

"अवं, तुह्यावर नाव आलं त्या वर्षी." आणि टाक्यांवर हात दाबून ती हसली. "हसवू नको वं, दुखते."

मावशीनं चादर नीट खोचली, उशाशी पाणी ठेवलं. संध्याकाळी ती सरळ आमच्या घरी आली आणि आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "जाऊन तोंडावर फेक ना तिच्या."

"मी सांगितल्यावर कोण मानते? मले आत्याबाईच्या तोंडून ऐकाचं हाय. जवाईबापूच्या समोर. जिथं नाव ठेवलं तिथंच."

दवाखान्यात एलियाम्मा नावाच्या केरळच्या सिस्टर होत्या. नाताळात त्यांनी नर्सेसच्या क्वार्टरवर सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि टेबलाच्या मधोमध एक अख्खी भाजलेली कोंबडी आणून ठेवली. न कापलेली, पाय वर केलेली. मावशीनं ती चाखली नाही. मात्र ताटाभोवती फिरून तिनं ती चारी बाजूंनी पाहिली. एक तंगडी इकडे, एक तंगडी तिकडे. लपवायला जागाच नाही. दुसऱ्या दिवशी ती सिस्टरच्या मागे लागली की हे शिकवाच.

मी तेव्हा पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होतो. मावशीनं मला बोलावलं. "गोविंदा, वरून-खालून शेक लागंन असा डबा पाहिजे." मी तेलाचा रिकामा डबा आडवा कापला, आत सळ्यांची जाळी बसवली, तळाशी वाळू, झाकणाला निखारे ठेवायला कडा, आणि वाफ जायला मागे भोक. त्या वयात मला तो डबा फार मोठं यंत्र वाटला होता.

पहिली कोंबडी फसली. खाटकानं सवयीनं बोलता-बोलता तिचे तुकडेच करून टाकले. दुसरी अख्खी आणली, तर मावशीच्या हातानंही आपली सवय सोडली नाही. घरचा काळा मसाला तिनं वरून थापला. डब्यात मसाला जळून कडू कोळसा झाला आणि हाडाशी मांस कच्चंच राहिलं. शिवाय कोंबडी जून होती. सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, मसाला विसर, मी सांगितलेली पानं आठव.

मग तिनं तलंग, म्हणजे अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, निवडली. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, पुदिना आणि कुंडीतली ओव्याची पानं बारीक चिरून, लसूण, मिरं, मीठ आणि लोण्यात कालवली. बोटानं कातडं अलगद सुटं करून ते मिश्रण कातड्याखाली सारलं. पोटात अख्खं लिंबू आणि पानांचे देठ. पाय सुतळीनं बांधले. आमच्या अंगणात ती डब्याजवळ बसायची, भोकाशी हात धरून आच जोखायची, आणि मधून मधून झाकण उचलून गळलेलं लोणी पुन्हा वरून सोडायची. कोंबडी सोनेरी झाली की आम्ही खायचो. ती खायची नाही.

"चव तरी घे," आई म्हणायची.

"त्या दिवशी घेईन."

आखाड आला. मावशीनं स्वतः काटोलला निरोप धाडला. त्या वर्षी मलाही बोलावलं, डबा उचलायला माणूस लागतो म्हणून. भागीरथाबाई स्वयंपाकघरात दोनदा डोकावल्या. "फोडणीचा वास काहून नाही येत वं?" मावशी म्हणाली, "येईन."

पंगत बसली. मधुसूदनराव मानाच्या पाटावर, शेजारी रुपरावकाका, मग मी. समोरच्या भिंतीशी भागीरथाबाई पळी घेऊन बसलेल्या, कारण वाढणं त्यांचंच. सिंधूताई दाराशी टेकून. मावशीनं झाकलेली परात आणली. जावयापुढे न ठेवता सासूपुढे ठेवली, आणि वरची परात काढली.

लोण्यात भाजलेल्या पानांचा वास खोलीभर झाला. मधुसूदनरावांनी मान लांब केली. "हे काय वैनी? रस्सा कुठं हाय? तंगडीवालीनं यंदा अख्खीच ठेवली, भेव लागलं असंन."

कोणी हसायच्या आत मावशी म्हणाली, "मोजून घ्या, आत्याबाई."

"काय मोजू?"

"तुम्हाले माहीत हाय काय मोजाचं ते."

"वाढू दे गुमान. जवाई ताटावर बसले."

"मोजल्याशिवाय नाही वाढू देत." मावशी खाली बसली आणि तिनं उजवा हात सासूच्या नाकापुढे धरला. "हाताचा वास बी घेऊन घ्या. सकाळपासून धुतला नाही. अगुदर वास घ्या, मंग वाढा. मागून नको."

भागीरथाबाईंनी तोंड फिरवलं. हात तिकडे गेला. त्यांनी पुन्हा फिरवलं. हात पुन्हा आला. मावशीचा आवाज चढलेला नव्हता. रुपरावकाका म्हणाले, "वच्छला, सोड ना." तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

भागीरथाबाईंची नजर दाराशी गेली, सिंधूताईकडे. सिंधूताई पदराच्या टोकाशी खेळत होती.

"पोटुशी होती ते," म्हातारी एकदम म्हणाली. "तिनं मागितली. लेकीले देल्ली तं काय गुन्हा केला मी?"

मावशीनं तंगडी हा शब्दही काढला नव्हता. मधुसूदनरावांनी बायकोकडे पाहिलं, मग सासूकडे. त्यांच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला.

"गुन्हा नाही," मावशी म्हणाली. "मंग माह्या हाताचा वास काहून घेतला?"

"जवाई पाहून राहिले होते. कोणाचं तरी नाव घ्याच लागत होतं."

मावशीनं हात मागे घेतला. सुतळी सोडली. एक तंगडी पिळून काढली, मग दुसरी. एक रिकामं ताट ओढून दोन्ही त्यात ठेवल्या आणि ती पंगतीत बसली, जावयाच्या शेजारी, जिथे त्या घरातली कोणतीही बाई कधी बसली नव्हती. कोंबडीसोबत भाजलेली मान तिनं मधुसूदनरावांच्या ताटात ठेवली.

"घ्या, जवाईबापू. मान चांगली लागते. मी खाल्ली हाय ना."

मग ती जेवली. सावकाश, हाड चोखून, मधे पाणी पिऊन. बाकी कोंबडीला कोणी हात लावेना, म्हणून मीच थोडी घेतली. माझ्या डब्यात एवढी चांगली कोंबडी पुन्हा झाली नाही.

मधुसूदनरावांनी ते नाव त्यानंतर उच्चारलं नाही. सिंधूताई पुढच्या आखाडांना आलीच नाही. लग्नात बायका मावशीला आपणहून गंजापाशी बसवू लागल्या. गोष्ट तिथे संपायला हवी होती, पण मावशीनं ती संपू दिली नाही.

दरवर्षी आखाडात ती अख्खी कोंबडी भाजत राहिली, आणि दरवर्षी परात आधी सासूपुढे. भागीरथाबाईंचे डोळे गेले तेव्हा त्यांना न्हाऊ घालणं, वेणी घालणं, औषध देणं, सगळं मावशीच करायची आणि त्यात कुठे कमी पडायची नाही. मात्र आखाडाच्या त्या दिवशी ती म्हातारीचं बोट धरून परातीत न्यायची. एका तंगडीवर टेकवायची. मग दुसऱ्या.

"किती हायेत, आत्याबाई?"

"दोन," म्हातारी म्हणायची.

एका वर्षी आईला राहवलं नाही. "आता पुरे कर वं. मराले टेकली ते."

"मी कुठं तिले काही बोलून राहिली?" मावशी म्हणाली. तिनं सासूची बोटं ओल्या फडक्यानं पुसली, छातीचं मऊ मांस कुसकरून तिला घास भरवले, आणि दोन्ही तंगड्या आपल्या ताटात घेतल्या.