बाबांची खोली, माझी खाट

दौतीत शाईची पूड कालवली की त्या वासाने मला वऱ्हाडी मुलखातल्या मालेगावच्या आमच्या घराची पुढची खोली आठवते. तिथे बसून बाबा लोकांचे अर्ज लिहून देत. मी उन्हाळ्यात बोर्डिंगातून घरी आले, की टेबल भिंतीला सरकवून तिथेच माझी खाट पडे. पाहुण्यांची चादर, पाहुण्यांचा तांब्या. आपण आता या घरात पाहुणेच, असं वाटून एका सकाळी मी डोळे मिटून पडून होते. बाबा दौत घेऊन ओट्यावर बसले होते. अनसिंगहून आलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "आज बाहेर काहून बसले, बाबूजी? पाहुनी आली काय?" बाबा म्हणाले, "पाहुनी कायची? मालकीन हाय. तिनंच मले बाहेर काढलं." "मंग माहा अर्ज तिलेच लिहू द्या." "ते इंग्रजीत लिहीन, तुले समजन काय?" दोघंही हसले. मला उठून बाबांजवळ जाऊन बसायचं होतं, पण मी चादर डोक्यावर ओढून घेतली. आता नागपूरच्या माझ्या एवढ्याशा खोलीत माझं लिहिण्याचं टेबल सरकवून मी दुसरी खाट टाकली आहे, आणि आज बाबांना बोलावणाऱ्या तिसऱ्या पत्रात लिहिलं आहे, "बाबा, या ना. मी जिन्यावर बसून लिहीन."