न दाखवलेलं पत्र

चौतीस वर्षं सेतुराम तंजावूरहून पापनाशमला बसने जात, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत आणि संध्याकाळी राजवाड्यामागच्या गल्लीत परतत. एक गोष्ट ते दर वर्षी वर्गात ठासून सांगत: व्याजाचे दर ज्या मध्यवर्ती बँकेच्या हातात, तिला मंत्र्याने हुकूम करता कामा नये. "आणि ती चुकली तर?" असं कुणी विचारलं, की शेवटच्या काही वर्षांत ते म्हणत, "चुकली तर तिला जबाब द्यावा लागतो. आता कायदाच आहे तसा."

ते निवृत्त झाल्यानंतर, २०२२ साली, महागाई सलग तीन तिमाही मर्यादेबाहेर राहिली. कायद्याप्रमाणे बँकेने सरकारला पत्र लिहून कारणं कळवली. ते पत्र लोकांपुढे मात्र आलं नाही. सेतुरामांनी माहितीच्या अधिकारात त्याची प्रत मागितली. नकार आला. त्यावर अपील केलं, पुन्हा नकार. दुसरं अपील दीड वर्ष पडून राहिलं.

"तुम्हाला कशाला हवं ते पत्र?" त्यांच्या पत्नी राजम यांनी एकदा विचारलं. "विलैवासी का चढली ते मला बाजारात रोज कळतंच आहे." घरच्या तंजावूरी मराठीत महागाईला हाच तमिळ शब्द रुळला होता.

"बँक जबाब देते असं मी मुलांना सांगत आलो."

"दिला की. सरकारला दिला."

सेतुराम उठून अपिलाचे कागद नीट लावू लागले.

अखेर सुनावणी झाली, तीही घरबसल्या संगणकावर. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मुद्दे चार पानांवर काढून ठेवले. दुसऱ्या पानावर असतानाच पलीकडून आभार मानले गेले. पंधरवड्याने अपील फेटाळल्याचा कागद आला. तो त्यांनी पुरता वाचलासुद्धा नाही.

त्याच महिन्यात कॉलेजने त्यांना वादविवादाला बोलावलं. बँकेने सरकारला लिहिलेलं लोकांना दाखवावं की नाही, हा विषय. समोर त्यांचाच जुना विद्यार्थी गणेशकुमार, आता ओरत्तनाडूला बँकेत शाखाधिकारी.

गणेशकुमार नीट तयारीने बोलला. "नुसती अफवा उठली तरी माझ्या शाखेच्या दारात रांग लागते. मध्यवर्ती बँकेने मनातली भीती छापून काढली तर काय होईल? आणि सगळे वाचणार म्हटल्यावर खरं लिहील कोण?"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुद्दा खोटा नव्हता, हे सेतुरामांनाही ठाऊक होतं. ते माइकपाशी गेले तेव्हा त्यांचे पाय दुखत होते.

"मंत्र्याने बँकेला हुकूम करू नये, हे मी आजही म्हणतो," ते तमिळमध्ये म्हणाले. "पण बँकेचं उत्तर एकट्या मंत्र्यानेच वाचायचं असेल, तर ती बांधील कुणाला? मंत्र्यालाच ना?"

आणखी दोन वाक्यं मनात होती, ती आठवेनात. ते खाली बसले. हात वर करून मतं घेतली गेली. गणेशकुमारला एक्केचाळीस, त्यांना सतरा.

गणेशकुमारने त्यांना स्कूटरवरून बसस्टँडला सोडलं. "सार, खरं सांगू? ते पत्र बाहेर यायला हवं, असं मलाही वाटतं. पण मी नोकरीतला माणूस. मिळाली त्या बाजूने बोललो."

"चांगलं बोललास," सेतुराम म्हणाले. त्यांना राग यायला हवा होता, पण तेवढं त्राण नव्हतं.

घरी राजमनी ताट वाढलं. "जिंकलात?"

"नाही. कुणी म्हणतं हायकोर्टात जा. मी नाही जाणार. पुरे झालं आता."

राजम ताक वाढता वाढता म्हणाल्या, "विलैवासी परत तशी चढली तर परत पत्र लिहावं लागेल ना त्यांना?"

"लागेल."

"मग ते मागा तेव्हा. आत्ता जेवा."

सेतुरामांनी भात कालवला. पहिल्या घासानंतर हात तसाच ताटात ठेवून ते बराच वेळ बसून राहिले, आणि मग जेवले.