योहान-सानची सही

योहान-सान कचऱ्यात टाकायचा कागदसुद्धा कोथिंबिरीसारखा बारीक कापायचे. जपानमधल्या उरायासु शहरात, आमच्या इमारतीत हे ऐंशीच्या घरातले युरोपियन गृहस्थ शेजारी. जपानी बायको वारलेली. हटकलं की म्हणायचे, "कागद माणसापेक्षा जास्त जगतो." मी जात्याच संशयी. लपवायचं काही नसेल तर कात्री कशाला, असं मी नवऱ्याला, नितीनला, पहिल्याच आठवड्यात सुनावलं.

पुढे नितीनचं कंत्राट संपत आलं. कायमचा व्हिसा मिळाला नाही तर आमच्या मुलीची, मीनूची, शाळा अर्धवट सोडून गाशा गुंडाळायचा! अर्जाला हमीदार हवा होता. नितीनने नेमकं योहान-साननाच विचारलं आणि ते लगेच हो म्हणाले.

त्या गुरुवारी इमारतीचा कचरा तपासून ठेवायची पाळी माझी होती. त्यांच्या पारदर्शक पिशवीत चार कागद न कापलेले. पाठपोट एकच सही घोटलेली, आणि ती दुसऱ्याच नावाची! मी कागद घेऊन तडक त्यांच्या दारात.

"आमच्या राजाची सही," ते म्हणाले. "राजवाड्यात वीस वर्षं त्याची पत्रं मी लिहिली. सहीसुद्धा मीच करायचो."

त्यांच्या सांगण्यावरून हा राजा अर्ध्या देशाचा देव, अर्ध्या देशाचा वैरी. संपावरच्या खाणकामगारांवर त्याने सैन्य घातलं होतं. तरी म्हाताऱ्या त्याची मायेची पत्रं फ्रेम करून भिंतीवर लावायच्या.

"म्हणजे माया तुमची आणि नाव त्याचं? ही फसवणूकच की हो!"

"फसवणूकच. एका संपकऱ्याच्या आईने तुरुंगातल्या मुलासाठी लिहिलं होतं. मी कळवलं, नाताळला येईल घरी. राजाने पत्र पाहिलंही नव्हतं. मुलगा आला नाही. मी नोकरी सोडली." मग हाताकडे बघत म्हणाले, "हा अजून त्याचीच सही काढतो. तुमच्या अर्जावर माझी उमटावी म्हणून सराव चाललाय."

मला ते खरं वाटलं. पण विषाची परीक्षा कोण घेणार? टेबलावरचा हमीचा कोरा फॉर्म मी उचलला. "नितीनचे ऑफिसवाले म्हणतात, हमीदार त्यांचाच माणूस हवा," अशी थाप मारली. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

सही नितीनच्या साहेबांनी केली. व्हिसा झाला. योहान-सान स्ट्रॉबेरीचा डबा घेऊन अभिनंदनाला आले, फॉर्मचा विषयही काढला नाही.

या हिवाळ्यात ते गेले. वीस वर्षं दुसऱ्याच्या नावाने शब्द देऊन पस्तावलेला माणूस एकदाच स्वतःच्या नावाने शब्द द्यायला बसला होता, आणि मी त्याच्यासमोरचा कागद उचलून नेला.