पडद्याची काठी

आमच्या रहिमतुल्ला फोटोवाल्यानं सगळ्या वस्तीला समुद्र दाखवला, आणि सोता कधी मोहोळच्या पुढं गेला न्हाय. सोलापूरच्या वेशीबाहेर गिरणीवाल्यांची नवी वस्ती झाली, तितं आडाशेजारी मोकळ्या जागेत त्याचं दुकान. दुकान म्हंजे तीन पायांचा कॅमेरा, एक खुर्ची आणि मागं रंगवलेला पडदा. पडद्यावर लाटा, आगबोट, आणि वर उडणारी कोंबडी. ‘बगळा हाय त्यो,’ रहिमतुल्ला म्हणायचा. ज्यानं रंगवला त्यानं तरी समुद्र कुटं बघितला होता?

हसताय काय, मी त्याच पडद्याला फसले की. मी सांगोल्याकडची. आमच्याकडं घागरभर पाण्याला कोसभर चाल. सन पंचवीसला सिदूचं स्थळ आलं, संगं त्याचा फोटो. माझ्या बापानं नवऱ्यापेक्षा मागचं पाणीच जास्त न्याहाळलं. ‘गिरणीचं तळं असंल. पोरीची पायपीट वाचली,’ म्हणाला, आणि मला हळद लागली. हितं येऊन बघते तर एक आड. पण बारमाही पाणी, दारापासनं वीस पावलांवर. म्हटलं जाऊ दे, समुद्र खारट असतो म्हणे.

रहिमतुल्लाला एकच गर्व. त्याच्या फोटोत वस्तीचा मागमूस दिसायचा न्हाय. पडदा वाऱ्यानं उडायचा, म्हणून त्याची बायको चांदबी कडेला काठी धरून उभी राहायची, उन्हातान्हात. मग फोटो छापताना हा कडांवर काळा कागद लावायचा. आड, धुणी, शेरडं, चांदबी, सगळं गायब. तिनं एकदा सोताचा फोटो मागितला तर म्हणाला, ‘तुझा कशाला? तुला रोज बघतोच की.’ बघत होता कुटला!

तेहतीस साली एका व्यापाऱ्यानं शेजारची जागा घेतली आणि आडालाबी तारेचं कुंपण घातलं. म्हणे आड मीच खणला, दोन सालामागं. वस्ती अर्ज घेऊन गेली. मामलेदार म्हणाले, सोमवारी येतो, आड जुना असल्याचा पुरावा दाखवा. वस्तीनं मिळून खणलेला आड, त्याचा कागद कुणाकडं असणार? आमी बाया अर्ध्या कोसावरनं पाणी आणायला लागलो. डोक्यावर घागर घेतली की मला रडू यायचं, खरं सांगते.

चांदबीला आठवलं. ‘काचा,’ ती म्हणाली. काळा कागद लागायचा छापताना. ज्या काचेवर फोटो उतरायचा तिच्यात कडेचं सगळं तसंच होतं, आणि कोपऱ्यात गिऱ्हाइकाचं नाव न् साल. पण रहिमतुल्ला काचांची पेटी उघडंना.

‘सगळ्यांना दिसंल की, समुद्र काठीला बांधलाय म्हणून.’

‘रहिमतुल्लाभाई,’ मी म्हटलं, ‘ते सगळ्यांना ठाऊक हाय. माझा बाप सोडून.’

दोन दिवस त्यानं पडदा टांगला न्हाय. रविवारी बसून त्यानं काळा कागद न लावता फोटो छापले, आणि सोमवारी काचांची पेटी सोताच डोक्यावर घेऊन आला.

मामलेदारांनी एकेक फोटो काचेशी ताडून बघितला. पंचवीसचा सिदू, सत्तावीसची बारशी, तिसातली लग्नं. समोर समुद्र, आणि पडदा संपला की आड, रहाट, पाणी ओढणाऱ्या बाया. त्यांनी उभ्या उभ्या तार काढायला लावली.

सगळी वस्ती आडाकडं पळाली. चांदबी फोटोंपाशीच बसली. पहिल्या फोटोत काठी धरून उभी ती जवान होती, शेवटच्यात केसांत पांढरी बट. ‘सगळ्यांत मी हाय,’ ती म्हणाली, ‘आणि माझ्याकडं एक न्हाय.’

रहिमतुल्लानं खुर्ची मांडली. ‘बस.’

‘पडदा कोण धरणार?’

त्यानं इकडंतिकडं बघितलं, कॅमेऱ्याचा फोटो काढायचा रबरी गोळा माझ्या हातात दिला, आणि सोता जाऊन काठी धरली. वारा होता. त्याची टोपी उडाली, पण काठी सोडता येईना. मी गोळा दाबला.

फोटो जरा वाकडाच आला. छापताना रहिमतुल्लानं सवयीनं काळा कागद उचलला. चांदबीनं त्याचा हात धरला.

‘ऱ्हाऊ द्या,’ ती म्हणाली. ‘तुमीबी उन्हात उभं राहिलेलं दिसू दे.’