घावन, पापड, करवंटी

वासकाकी कुठलाही कपडा हातात घेतला की आधी तो उलटा करायची आणि सरळ काखेत नाक खुपसायची. समोर गिऱ्हाईक असो, पाहुणा असो, नाहीतर दुकानाचा मालक असो. मालक म्हणजे मी. रत्नागिरीत माळनाक्यावर माझं लग्नाचे कपडे भाड्याने द्यायचं दुकान आहे. एका जुन्या शेरवानीवर सुरू केलं, पाठीवर कोणाचा हात नव्हता. आज भिंतभर शेरवान्या आहेत आणि त्यातल्या प्रत्येकीची काख त्या बाईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. तिची आठवण निघाली की मला एका जागी बसवत नाही. तिचं कौतुक आणि तिच्यावरचा राग माझ्याकडे एकाच खुंटीला टांगलेले आहेत.

ती मूळची हर्ण्याची. लहानपणी आईबरोबर संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाला जायची. नाक तिथे तयार झालं. म्हणायची, "मासळीचा कल्ला उघडून बघावा आणि कपड्याची काख. बाकी सगळं वरवरचं." लग्न होऊन रत्नागिरीत आली, नवरा लवकर गेला, आणि लाँड्रीवाले ज्या कपड्यांना हात लावत नाहीत ते धुवायचं काम तिने धरलं.

तिचा भाव कपड्यावर नसायचा, काखेवर असायचा. वास घेऊन झाला की काखेचं कापड कानाशी धरून चुरगळायची आणि निकाल द्यायची. मऊ लागलं तर घावन. कुरकुरलं तर पापड. वाकायलाच तयार नसेल तर करवंटी. करवंटीचा भाव सगळ्यात चढा. पापडाचं घावन करून घ्यायला मी तासतासभर भांडलोय. "काकी, जरा नीट ऐक, आवाज तरी येतोय का?" ती कापड माझ्याच कानाला लावायची. "घे. बहिरा आहेस की चिकट?"

आरे-वारेच्या किनाऱ्यावर लग्नाआधीचे फोटो काढायचं फॅड आलं आणि माझा धंदा वाढला, तशी तिची करवंटीही वाढली. मुंबईची पोरं भर उन्हात शेरवानी घालून वाळूत धावणार, घाम येणार, तो झाकायला अर्धी बाटली डिओ मारणार. काकी म्हणायची, "घाम बिचारा पाण्याने जातो. हे डिओचं पांढरं मारतात ना, ते घामाला धरून बसतं. वर साबण घासलास की तिघं मिळून संसार थाटतात."

म्हणून ती आधी साबण लावायचीच नाही. तिच्या परसात बिंबल्यांचं झाड होतं, खोडालाच लगडणारी ती बोटाएवढी आंबटढाण फळं. त्यांचा गाळलेला रस गार पाण्यात घालून त्यात काख भिजवायची, मग अंगठ्याने चोळायची. कापड मऊ पडल्यावर भांड्यांचा साबण, मग सावलीत वाळवण, आणि पुन्हा नाक. शेरवानी अख्खी भिजवता येत नाही, तर ती अस्तराचे काखेतले टाके उसवायची, अस्तर बाहेर ओढून तेवढंच धुवायची आणि पुन्हा असं शिवायची की शिंप्यालाही कळू नये. डाग निघाल्याशिवाय इस्त्री नाही. "इस्त्रीने डाग शिजतो," हे तिचं वाक्य मी हजारदा ऐकलं होतं.

ऐकलं होतं आणि तरी मी तेच केलं. वैशाखातल्या दाट तिथी. माझी सगळ्यात चालणारी क्रीम शेरवानी सकाळी फोटोवाल्यांकडून परत आली, आणि दुपारी ती बघायला एका नवरदेवाची आई येणार होती. काकीकडे पाठवायला वेळ नव्हता. मी स्वतः कडक इस्त्री मारली, वरून अत्तर शिंपडलं. बाई आल्या, बघून खूश झाल्या. नवरा, त्याचे भाऊ, मेहुणे, सगळ्यांचे कपडे माझ्याकडूनच घ्यायचं ठरत आलं होतं. एवढ्यात काकी धुतलेल्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन आत आली. गठ्ठा खाली ठेवला, शेरवानी ओढली, उलटी केली.

"कोणी मारलीन् रे इस्त्री हिच्यावर?"

"काकी, तू तुझं काम बघ."

"तेच बघत्येय. करवंटी झालीय ही. शिजवलास मेल्या डाग!" आणि त्या बाईंकडे वळून, "वैनी, ही घेऊ नका. माळ घालताना नवरा हात वर करील आणि अख्ख्या मांडवाला दिसेल."

बाई उठल्या आणि समोरच्या दुकानात गेल्या. मी पेटलो. तोंडाला येईल ते बोललो. शेवटी म्हणालो, "पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस."

"नाय चढत. पण ती कोणाला देऊ नको."

तिच्याविना मी दोन हंगाम काढले. कसे काढले ते माझं मला माहीत. डाग घालवायला ब्लीच वापरलं, तर पांढऱ्या शर्टांच्या काखा हळदीसारख्या पिवळ्या झाल्या. लाँड्रीवाला गठ्ठे जसेच्या तसे परत पाठवायचा. आणि जुनी गिऱ्हाइकं कपडा हातात घेऊन विचारायची, "काकीने धुतलंय ना?" दुकानाच्या पाटीवर नाव माझं, आणि भरवसा तिच्या नाकावर! घडी मोडून मोडून बघायची गिऱ्हाइकं, आणि निघून जायची. एवढं उभं केलेलं दुकान काखेपायी बसणार, या विचाराने जेवण जाईना.

मग कळलं की ती मुलाकडे मुंबईला राहायला निघालीय. मी तीच क्रीम शेरवानी घेतली आणि बंदराकडच्या तिच्या घरी गेलो. ती सामान बांधत होती.

"भांडायला आलास की धुवायला?"

"धुवायला."

"भाव नाय करणार?"

"तू म्हणशील तो."

"म्हणजे खरंच अडलायस," ती म्हणाली आणि बांधलेल्या बोचक्यातून कातर काढली.

टाके तिने उसवले, चोळायला मला बसवलं. "जोर नको लावू. डाग आहे तो, गिऱ्हाईक नाय." तासाभराने डावी काख मऊ पडली. उजवी ढिम्म हलेना. तिने बोट फिरवलं. "हिच्यावर दोनदा दाबलीस इस्त्री." खरं होतं, आणि मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

मग माझ्या पोटातलं बाहेर पडलंच. "त्या दिवशी मला आत बोलावून सांगायचं होतंस, काकी. गिऱ्हाइकासमोर का?"

ती उठली आणि ट्रंकेतून एक फोटो घेऊन आली. तिच्या लग्नातला. नवऱ्याने माळ घालायला दोन्ही हात वर केलेत. शर्ट मुंबईच्या चुलतभावाचा, मागून आणलेला, आणि काखेत हा एवढा काळा चंद्र.

"माणूस देव होता माझा," ती म्हणाली. "पण नणंदांनी फोटो हातात घेतला की जन्मभर तेवढंच बघितलं नि हसल्या." मग फोटो ठेवत म्हणाली, "आणि आत बोलावून सांगितलं असतं, तर ऐकला असतास?"

जन्मभर घासाघीस केली मी. तिथे मी सरळ पाकीट काढलं. काय देऊ विचारलं, तर म्हणाली, "बिंबली पडून कुजतील, ती ने. आणि नवऱ्याला हात वर करून दाखवायला सांगत जा."

क्रीम शेरवानी मी पुन्हा कोणाला दिली नाही. काकीने दुकानातल्या त्या दिवसाबद्दल कधी वाईट वाटून घेतलं नाही आणि माझा राग अजून गेलेला नाही.

गेल्या आठवड्यात एक नवरदेव आईबरोबर आला. निळी शेरवानी त्याला पसंत पडली. मी म्हटलं, "हात वर करा." उतरवून घेतली, काख कानाशी धरली. पापड. लग्न दुसऱ्या दिवशी. आई घाई करत होती, आणि अत्तराची बाटली हाताशीच होती.

"ही देता येणार नाही," मी म्हणालो. ती दोघं समोरच्या दुकानात शिरताना मला काचेतून दिसली. मी काकीला एक कचकचीत शिवी हासडली, शेरवानी उलटी केली आणि अस्तराचे टाके उसवायला बसलो.