मे महिन्यातलं धुकं

मी कुसगावात फोटो स्टुडिओ चालवतो आणि धुक्याचा मला आता मनापासून वीट आला आहे. खऱ्या धुक्याचा नव्हे, मी फोटोत घालतो त्याचा. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी भर मे महिन्यात येतात. डोंगर वाळून खडखडीत झालेले असतात आणि यांना फोटोत श्रावण हवा असतो. हौसेला मोल नाही. मग कॉम्प्युटरपुढे बसून गवत हिरवं करायचं, आभाळ भरून आणायचं, पावसाची रेघन्‌रेघ तिरकी करायची. संध्याकाळपर्यंत डोळे जळजळायला लागतात.

गेल्या पावसाळ्यात एक मावशी दुकानात आल्या. त्यांचे यजमान वर पॉइंटवर कणसं भाजून विकायचे, ते महिन्यापूर्वी वारले होते. भिंतीवर लावायला घरात एकही धड फोटो नव्हता.

"उन्हाळ्यात तुमी एका जोडप्याचं फोटू काढत व्हता, तवा मालक मागंच उभं व्हतं," त्या म्हणाल्या. "घरी येऊन लय हसत सांगितलं, आज माझा बी फोटू निघाला."

मला आठवलं. त्या मुलीनं बजावलं होतं, मागचा कणीसवाला नको. माणूस पुसून त्या जागी डोंगर रचायचा मला कंटाळा आला, म्हणून मी त्यांच्यावर धुकं ओढलं होतं. गिऱ्हाइकाला काम दिलं की मूळ फोटो मी उडवून टाकतो. डिस्कमध्ये जागा कुठे उरते! शिल्लक होता तो धुक्याचाच.

तो उघडला. जोडपं हसत होतं, मागे सगळं पांढरं. खाली एक हात तेवढा दिसत होता, पुठ्ठ्यानं निखाऱ्यांना वारा घालणारा. मावशींनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

"ह्यो त्यांचाच हात. वर तोंड असंल. तेवढं धुकं सारा की, भाऊ."

"नाही निघत, मावशी."

"पन त्या दिशी धुकं कुटं व्हतं? मालकांची मान उन्हानं सोलली व्हती."

काहीतरी थाप मारता आली असती, इतकी वर्षं दुसरं काय करतोय? पण मला स्वतःचीच लाज वाटली आणि लाज लपवायचंही त्राण नव्हतं.

"धुकं नव्हतंच," मी म्हणालो. "मीच घातलंय ते."

त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"आसं व्हय! मग तुमीच घातलंय तर तुमीच काढा की," असं म्हणून त्या पदर सावरून समोरच्या स्टुलावर बसल्या.