भरपगारी रजा आणि नानांचं मयत

माझ्या सासऱ्यांना मी मारलं, आणि तेही भरपगारी रजेवर.

धुळ्याच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी एकोणीस वर्षं कारकुनी केली, तिथला मालक मयताशिवाय रजा देत नसे. लग्न? "जेव आणि परत ये!" ताप? "इथेच घाम गाळ, उतरेल!" साहजिकच माझे नातेवाईक भराभर मरत. एक मावशी तर मी एरंडोलला मारली आणि वर्षभरानं यावलला पुन्हा मारली. (मालकाचा भूगोल कच्चा होता. माणुसकी त्याहून कच्ची.)

मग नवी नोकरी लागली. वर्षाला तीस दिवस भरपगारी रजा, आणि कारण विचारायचं नाही! ही थोरवी मी इतक्यांदा ऐकवली की बायको वैतागली. "नोकरी कामासाठी लागलीय की घरी बसण्यासाठी?"

असोद्याला माझे सासरे, नाना, मात्र हरखले. त्यांची पंचाहत्तरी होती, मळ्यात भरीत-पुरीचा बेत होता. "जवाईबापू, यंदा तरी या. चार वर्सं झाली, तुमचं तोंड मी फोनातच पाह्यतो." तीन जावयांत मीच काय तो कधी उगवत नसे. या वेळी त्यांचा मान राखायचाच होता.

रजेचा अर्ज घेतला. नाव, तारखा, रजेतला पत्ता, सही. संपलं! कारणाचा रकानाच नाही. पण एकोणीस वर्षांची सवय, पेन थांबेना. शेवटी समासात बारीक अक्षरात लिहूनच टाकलं: 'सासरे मंगळवारी वारले.'

आता आमच्याकडे मयत झालं की सांत्वनाला दारावर जावंच लागतं. जिनिंगचा मालक माझ्या एवढ्या मयतांत एकदाही फिरकला नव्हता. हे नवे लोक भले निघाले, तीच पंचाईत!

मळ्यात वांगी भाजून झाली होती. नाना नवा फेटा बांधून खाटेवर बसले होते. तेवढ्यात गाडी थांबली आणि आमचे साहेब तिघांना घेऊन उतरले. पांढऱ्या टोप्या, पडलेले चेहरे! मी (शूर माणूस!) पुऱ्यांच्या कढईमागे लपलो. साहेब नेमके नानांसमोर हात जोडून बसले.

"फार वाईट झालं, आबा."

"काय झालं?"

"तुमच्या घरचे... आमच्या या गृहस्थांचे सासरे..." साहेबांनी माझं नाव घेतलं.

नानांनी बोटांवर जावई मोजले. "म्हनजे मीच की! कवा गेलो मी?"

"मंगळवारी. अर्जात आहे तसं."

"आन् मले कोनी सांगलं नही!"

बायकोनं झारा उगारला, म्हणून मी कढईमागून बाहेर आलो. साहेब कळवळून म्हणाले, "अहो, आम्ही कारण विचारलंच नव्हतं! लिहायला जागासुद्धा ठेवली नव्हती!"

सगळा मळा हसला. नाना हसले नाहीत. "जवाईबापू, जित्ता होतो तं तुमाले रजा भेटे नही. मेलो तवा आले. बसा, जेवा आता." भरीत झणझणीत होतं, पण डोळ्यांत पाणी आलं ते लाजेनं.

ऑफिसात आता नवे अर्ज छापलेत. तळाशी ठळक अक्षरात सूचना आहे: 'कृपया नातेवाईक मारू नयेत.'

यंदा पुन्हा नानांच्या वाढदिवसाला निघालो. नाव, तारखा, पत्ता, सही केली. हात समासाकडे गेलाच. बारीक अक्षरात लिहिलं: 'सासरे जिवंत आहेत.'